बुजगावण्याचा कोट

जठारपेठ, अकोला
१२ नोव्हेंबर २०२४

चि. शुभंकर यास अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. थंडीची चाहूल लागली की तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण अनारसे काही थांबले नाहीत. दिवाळीत तू अमरावतीहून आला नाहीस, तेव्हा तुझा वाटा मीच फस्त केला.

तुमच्या बँडचं गाणं पाहिलं. फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता, नाहीतर बसला असता. म्हणून पत्र.

धामणगावच्या बंद जिनिंग कारखान्यात लाल पडदा लावून नाटकाचा मंच उभा केलात, ही कल्पना झकास. वरून कापूस पडतो आहे, तुम्ही चौघं चुना फासल्यासारखे पांढरे चेहरे करून गाता आहात आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत मडक्याच्या डोक्याचं, काळ्या कोटातलं बुजगावणं. मागचं बिनकाट्याचं घड्याळ म्हणजे तारखांवर तारखा, हे वकिलाला समजवायला नको. न्याय म्हणजे नुसतं बुजगावणं, हेही पटलं. कोर्टात जन्म काढून मी तरी वेगळं काय म्हणतो?

शेवटी तुम्ही त्याला पेटवता.

गाणं बघायला मी शेजारच्या देवरावांना मुद्दाम बोलावलं होतं. ते पुढे सरकून म्हणाले, "वकीलसाहेब, कोट तं तुमचाच दिसून राहिला न!" मी म्हणालो, "नाही हो, पोरांनी तसाच शिवून घेतला." जन्मभर साक्षीदारांचं खोटं पकडलं आणि स्वतः किती सफाईनं बोललो. तुझी आई कप उचलून आत गेली.

"बाबा, शूटिंगसाठी तुमचा काळा कोट पाठवा न," एवढंच तू म्हणाला होतास. कशाला, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तू वकिलीचं शिक्षण सोडलंस तेव्हापासून घरात त्या कोटाचा विषयच निघत नव्हता. मला वाटलं, निदान गाण्यात तरी तू तो घालशील. राग नाही रे. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

एक सांगायचं राहिलं. पाठवण्याआधी कोट मी शिंप्याकडे नेला होता. तुझी अंगलट माझ्याहून थोराड, म्हणून आईनं तुझा जुना सदरा मापाला दिला. शिंप्यानं पाठीची शिवण सोडली, बाह्या लांबवल्या. परत आला असता तरी मला तो ढगळच झाला असता.

तेव्हा बापाचा कोट जाळला म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तो तुझ्या मापाचा होता.

सदरा इथेच आहे. तो न्यायला तरी ये.

तुझे
बाबा