कोरड्या पाणथळीचे फोटो

४ सप्टेंबर, सोमवार

डोकं फिरलंय नुसतं!

पाणथळीतल्या आमच्याच वस्तीच्या फोटोंचा गठ्ठा आज कचेरीत माझ्या टेबलावर येऊन पडला. बगदादचा सरमद म्हणून कुणी पोरगा आहे, तो उन्हाळ्यात तिथे राहून ते काढून गेलाय. महिनाअखेर पाणी खात्याची समिती बसणार. कालव्याचे दरवाजे आमच्या बाजूला उघडायचे, की सगळी वस्तीच उठवून नासिरिया शहराच्या कडेला आणून टाकायची, ते ठरवायला. समितीपुढे हे फोटो ठेवायचे. आणि कुठल्या फोटोत काय आहे, किती खरं आहे, हे मी लिहायचं! का? तर "फिद्दाबाई, तुम्ही तिथल्याच ना!" — इति आमचे कचेरीतले फारिससाहेब.

तिथलीच आहे, म्हणून तर चीड येते. भेगाळलेली जमीन. म्हातारी. परत भेगाळलेली जमीन. एका तरी फोटोत कुणी चहा पितंय? भांडतंय? आमची माणसं झोपेतसुद्धा भांडतात!

५ सप्टेंबर, मंगळवार

भिंग घेऊन बसले. मेलेल्या म्हशींचे तीन फोटो. तिन्हींचा डावा कान फाटका. म्हणजे म्हैस एकच! ह्या कलाकाराने ती तीनदा मारली.

मग चिखलात रुतलेली एक नाव. खाली लिहिलंय — 'शेवटची नाव'. शेवटची कसली डोंबलाची! कोपऱ्यात डांबराचं पातेलं अर्धं दिसतंय. डांबर फासायला वर ओढलीय. दर वर्षी ओढतात.

७ सप्टेंबर, गुरुवार

आज आई निघाली गठ्ठ्यातून.

एकटी, सुकल्या चिखलात, कपाळाला हात. अंगावर तो चांगला अबाया, काळा झगा — लग्नाला नि मयतीला काढते तो! सावली पायाखाली, म्हणजे भर दुपार. भर दुपारी ही बाई दाराबाहेर पाऊल टाकत नाही. आणि तो हात! रडताना आई छाती बडवते. कपाळाला हात लावते ती दादा काहीतरी मूर्खासारखं बोलला की.

फोन लावला. "त्या पोराने तुला उन्हात बसवलं?"

"जेवलीस का?"

"आई, मी काय विचारतेय?"

"साय पाठवू का शेजारच्या जब्बारबरोबर? यंदा पातळ येते, पण येते."

आपटला फोन.

१० सप्टेंबर, रविवार

फारिससाहेब म्हणाले, "अहो, फोटो बोलतात. तुम्ही खाली नुसती नावं टाका."

"खोटं बोलतायत, साहेब."

"कुणाच्या भल्यासाठी बोलतायत, तेही बघा की!"

हेच! आमच्या भल्यासाठी आमचंच सोंग काढायचं. शाळेत शहरातल्या पोरी मला 'म्हैसवाली' म्हणून चिडवायच्या. आता तेच चौकटीत बसवून भिंतीवर टांगणार.

लिहिला अहवाल. साफ लिहिला — 'बरेचसे फोटो मांडून घेतलेले आहेत, पुरावा म्हणून धरू नयेत.' साहेब म्हणाले, जरा मऊ करा. नाही केला. समितीच्या कचेरीत स्वतः नेऊन दिला. काय हलकं वाटलं!

१५ सप्टेंबर, शुक्रवार

वस्तीवर आलेय. 

सकाळी बायका आमच्याकडेच जमलेल्या. तांदळाची भाकरी, साय, खजुराचा पाक. मी ऐटीत सांगितलं — त्या सरमदची लबाडी मी पकडली, तुम्हाला बाहुल्यांसारखं नाचवून गेला तो, पण समितीला सगळं कळवून टाकलंय.

कुणी घास उचलेना. मग शेजारची उम्म हातिम म्हणाली, "अगं शहाणे, तो कसला नाचवतो! तो तर म्हणत होता, आजी, हसा. आम्ही म्हटलं, हसलो तर पाणी कोण देईल?"

अबाया आईने स्वतः काढला होता. दुपारची वेळही आईनेच ठरवलेली. नावेपाशी पोरांना तोंडं पाडून हिनेच उभं केलं. तीन बाजूंनी म्हैस काढ, हेही हिनेच सांगितलं!

मी ओरडले, "का पण? म्हशी मेल्या नाहीत का?"

"मेल्या की." आई भाकरी मोडत राहिली. "अर्धा कळप गेला. मेली की त्याच दिवशी ओढून लांब टाकावी लागते, नाहीतर उरलेल्या जातात. तेव्हा फोटो काढायला कोण होतं, तू? तो आला तेव्हा तेवढी एकच पडली होती."

मग मागच्या वर्षीची गोष्ट निघाली. मला कुणी सांगितलीच नव्हती. पाणी खात्याचा माणूस पाहणीला आला. मुधीफमध्ये, बोरूच्या त्या मोठ्या पाहुणघरात, त्याला बसवलं. शेवटचे दोन चांगले मासे भाजले. साय, भात, टँकरच्या गोड्या पाण्याचा चहा. पोट भरून गेला नि लिहून टाकलं — वस्तीवर आबादीआबाद आहे.

"पाहुण्याला उपाशी कसं ठेवायचं?" आई म्हणाली. "म्हणून फोटोत रडलो. फोटोला जेवायला वाढावं लागत नाही."

दादा एवढंच बोलला, "फिद्दा, आता तो कागद परत आण."

१७ सप्टेंबर, रविवार

नाही मिळत परत. समितीचे इंजिनिअर राफिद — सभ्य माणूस, त्याचाच जास्त राग येतो — म्हणाले, "बाई, तुमच्याइतकं खरं कुणीच लिहिलं नाही. फोटो आम्ही बाजूला काढलेत."

मी खरं लिहिलं! घ्या! म्हणजे ह्यांच्या हिशेबी म्हशी मेल्याच नाहीत. म्हणजे पाणी आहेच.

तासभर हुज्जत घातली. शेवटी म्हटलं, फोटो सोडा, माझा अहवालही सोडा, स्वतः चला. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, गुरुवारी आम्ही तिघं येतो.

१९ सप्टेंबर, मंगळवार

आईला फोन. तिघं येणार म्हटल्यावर लागली तयारीला! "जब्बारला मासे आणायला धाडते. बाजारातून आणेल."

"आई, मासे नाहीत. भाकरी नाही. नुसता चहा. आणि तोही टँकरच्या पाण्याचा नाही, आपल्या पाणथळीतल्या."

"वेडी झालीस? खारट आहे ते. म्हशीसुद्धा आता तोंड लावत नाहीत."

"तेच चाखू दे त्यांना."

 "तुझ्या बापाच्या मुधीफमध्ये? मला नाही जमायचं."

२१ सप्टेंबर, गुरुवार

तिघं आले. चटईवर बसले. कुणी काही आणलं नाही. दादा खाली बघत होता. आई येईल की नाही, मला माहीत नव्हतं.

आली. पेले तबकात वाजत होते. वाकून तिघांपुढे ठेवले. राफिदने घोट घेतला नि तो तसाच तोंडात धरला. थुंकावं तर यजमानाचा अपमान! गिळला. बाकी दोघांनी पेले नुसते ओठाला लावले.

"जनावरं हेच पितात?" त्याने विचारलं.

"पीत होती," आई म्हणाली. "अजून एक पेला देऊ?"

तो उठला. मेलेल्या म्हशी ओढून टाकतात तिकडे चला म्हणाला. दादा घेऊन गेला. हाडं अजून तिथेच आहेत.  पाहुणे निघाले, तर आई गाडीपर्यंत गेली नाही.

३ ऑक्टोबर, मंगळवार

दरवाजे उघडले! पुरते नाही, अर्धेच. दादाचा फोन आला — बोरूच्या मुळाशी पाणी लागलंय, पोरं त्यात लोळतायत. मी म्हटलं, आईला दे.  तो म्हणाला, ती बाहेरच येत नाही, पाणी बघायलासुद्धा. आपल्या दारातून पाहुणे उपाशी गेले, म्हणते. आणि तुझ्याशी बोलायचं नाही तिला.