मी बोट दाखवलं

मंगळवार, दिवस बुडता. सन १९५५.

मी बोट काहून दाखवलं? आबकारीच्या शिपायानं इचारलं, "पोरी, गांजाचं झाड कुठी हाय?" मले कोनासमोर बोलता येत नाई, शाळा बी त्याच्यानंच सुटली. बोट मातर उठलं, गोठ्याकडं.

एकच झाड होतं. अनसिंगच्या बजारात पोते उचलून बाबाची कंबर गेली, तिच्यावर आमी त्याचा पाला शेकून बांधत होतो. शिपायानं बाबाच्याच हातानं झाड उपटाले लावलं, अन् त्या झाडाच्याच दांड्यानं मारलं. "कायदा हाय, कायदा!" दांडा मोडला, मंग बुटानं मारलं. बाबाच्या तोंडातून रगत आलं.

माय म्हने, "पाटलाच्या वाडीतून पाला आन, पाठ शेकाची हाय." मी गेली. थोच शिपाई पाटलाच्या ओट्यावर भांग पिऊन राह्यला होता! मांगं गांजाच्याच झाडाइची रांग. पाटलीनबाई म्हने, "तोड वं, लागल तेवढा."

शिपाई हासला, "बाप जिता हाय ना वं?"

मी पाला तोडला. मंग त्याच्या डोयापुढं त्या झाडाइकडं बोट केलं. हेच बोट. त्यानं पाह्यलं, अन् पेला पाटलीनबाईपुढं केला. "अजून घाला," म्हने.