अभ्यासासाठी राखीव

४ एप्रिल १९८३, सोल
ऐतिहासिक दिवस! बंदी असलेली ती कादंबरी आज माझ्या ताब्यात आली. वाचन-मंडळात आम्ही आठ जण, कॉपी मात्र एकच. मंडळ चालवणाऱ्या इन-जा ताईच्या धाकट्या भावाने चोरून झेरॉक्स केलेली. नंतर सरकारने शिक्षा म्हणून त्याला कॉलेजातून उचलून थेट सैन्यात नेलं. ताईने स्वतः अजून वाचलेली नाही. म्हणाली, आधी तुम्ही वाचा, मी शेवटी. प्रत्येकाला तीन दिवस. मी म्हटलं, नुसतं वाचून काय होणार? मी सखोल अभ्यास करतो, नोट्स काढतो, मंडळासमोर व्याख्यान देतो. ताई म्हणाली, तू? आवाजात कौतुक होतं.
सगळे घालतात तसं बँकेच्या कॅलेंडरचं कव्हर घातलं. पुढल्या वर्षी मंडळाचा प्रमुख बहुधा मीच.

७ एप्रिल
तीन पानं झाली. एका देशात पुस्तकांवर बंदी असते आणि एक कारकून पुस्तकांतल्या ओळी खोडत बसतो. फार खोल आहे. असलं पुस्तक घाईत वाचणं म्हणजे लेखकाचा अपमान. मुदत वाढवून घेतली.

१२ एप्रिल
पान अकरा. मंडळातला थे-ग्यू दारात हजर. माझा नंबर कधी लागणार रे, की अंडी उबवत बसलायस? नाही म्हणून सांगितलं. माझ्या नोट्सशिवाय हे हातात पडलं तर डोक्यात नसते विचार येतील, तुझी अजून तयारी नाही. पुटपुटत गेला. त्याच्याच भल्यासाठी!

१९ एप्रिल
पान अकरा. पण पहिली दोन पुन्हा वाचली.
मालकीणबाई कडाडल्या. नूडल्सचं गरम पातेलं खाली ठेवून जमिनीवर चिकटवलेला तेलकागद जाळलास तर आजच खोली रिकामी कर, मेल्या! हाताशी दुसरं काही नव्हतं. पुस्तक जाड आहे, सपाट आहे, पातेलं जरासुद्धा हलत नाही. फक्त आजच्या दिवस.

२० एप्रिल
आणि आज.

२८ एप्रिल
पोलिसांनी पकडलंच तर? चौकशीत तोंड उघडायचं नाही, असा निश्चय. सरावासाठी थंड पाण्याने अंघोळ सुरू केली. एक तांब्या. ओरडलो म्हणे. मालकीणबाई धावत आल्या. सराव उद्यापासून.

५ मे
सुट्टी. मेंदूलाही विश्रांती हवी.

११ मे
ताई स्वतः आली. अरे तोक-सू, पाच आठवडे झाले, बाकीच्यांनी वाचायचं कधी? म्हटलं, नोट्स जवळजवळ पूर्ण आहेत. (मथळा झालाय.) ती म्हणाली, उद्या सहा वाजता पुस्तक घेऊन ये, बोल काय बोलायचं ते. डोळे लाल दिसले. परीक्षा जवळ आली असेल.

१२ मे, दुपारी ४
आज व्याख्यान. दोनशे पानांपैकी एकशे एकोणनव्वद राहिलीत. बसला चाळीस मिनिटं लागतात. सहज होईल.

१३ मे, सकाळी
काल बसथांब्यावर पोलिस विद्यार्थ्यांच्या बॅगा तपासत होते. मला ठाण्यात नेलं. चष्मेवाले साहेब. कुठून आणलंस? मी गप्प. त्या कारकुनाचं पुढे काय होतं? मी गप्प. त्याची बायको कुणाला फितूर होते? यावर तर मी ओठ घट्टच मिटले.
साहेबांनी पुस्तक चाळलं. पान अकरापर्यंत अंगठ्याचे ठसे, पुढे सगळं कोरं करकरीत. शेवटची वीसेक पानं तिखट रश्शाने एकमेकांना चिकटलेली. कव्हरवर पातेल्याचे गोल डाग, एकावर एक. साहेब हसायलाच लागले, शिपायाला हाक मारून दाखवलं. म्हणाले, ड्युटी म्हणून मी हे दोनदा वाचलंय, दुसऱ्यांदा तर झोप उडाली. आणि हा म्हणे वाचक! हाकला याला घरी. पुस्तक तिथेच राहिलं. मी वीस मिनिटांत बाहेर. माझ्या मौनापुढे सरकार झुकलं.
मंडळात पोचलो. सातही जण वह्या उघडून बसलेले. सगळं सांगितलं, डाग सोडून. थे-ग्यू म्हणाला, सरकार एवढे पोलिस कशाला पोसतं, तुला एकट्याला नोकरी दिली तरी भागेल. पाच आठवडे कुणाला एक पान उलटू दिलं नाहीस.
ताईने त्याला गप्प केलं. मला म्हणाली, जाऊ दे, पुस्तक गेलं तर गेलं. शेवट तरी सांग. भाऊ प्रत्येक पत्रात विचारतो, ताई, शेवट वाचलास का?
तिने पेन उघडून धरलं होतं. खरं सांगतो, लाज वाटली. म्हटलं, ताई, मला माहीत नाही.
मग कुणाला माहीत आहे रे, तिने विचारलं.
ठाण्यातल्या साहेबांना, मी म्हटलं.