बबडीचं यकृत आणि माझा हट्ट

ती. बाबांना लेकीचा नमस्कार, आणि थोडं भांडणही.

तुमचं पत्र मिळालं. "हृदयाचं ऑपरेशन नीट झालंय, आता पोरीला उगाच सुया कशाला टोचता? घेऊन या घरी," असं तुम्ही लिहिलंत. रागावू नका, पण मी ऐकलं नाही.

अशा ऑपरेशननंतर यकृतावर ताण येतो, दरवर्षी तपासा, असं बबडीच्या फाईलमध्येच लिहिलं होतं. गेली दोन वर्षं कुणी तपासलंच नव्हतं. परवा हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "उत्तम आहे, जा आता." मी खुर्चीतून हललेच नाही. म्हटलं, "यकृताची सोनोग्राफी लिहून द्या, मग उठते." बाहेर रांग खोळंबली, नर्सबाईंनी डोळे वटारले. शेवटी दिली लिहून.

यकृत थोडं कडक झालंय, बाबा. पण वेळेत कळलंय. डॉक्टर स्वतःच म्हणाले, "अडून बसलात ते बरं केलंत." औषधं बदललीत, आता दर सहा महिन्यांनी तपासणी. मी रडले नाही. म्हणजे, बबडीसमोर नाही.

बबडी पोटभर जेवते. जिना चढताना मध्येच थांबते, पण कडेवर घेऊ देत नाही. रक्त घ्यायला आलेल्या नर्सबाईंना तिनं बजावलं, "एकदाच टोचायचं. चुकलात तर आईला खुर्चीत बसवीन!"

आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं अर्धंच सांगा.

आणि तुम्ही जरूर या. आम्हाला परत न्यायला नव्हे, पुढच्या तपासणीला माझ्या शेजारी बसायला या.

तुमच्याच वळणावर गेलेली,
तुमची लेक