घडीकडची बाजू

१८ जानेवारी

ती. ताईंना मनापासून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. धाकट्याचा खोकला गेला. यांची रात्रपाळी संपल्यामुळे घरात पुन्हा मोठ्याने बोलता येतं. तुम्ही मुलांसाठी पाठवलेला पतंगी कागदही पोचला.

थोरलीची बॅग अजून भरलेली नाही. रविवारी तुम्ही तिला कायमची घेऊन जाणार, तर जाड कपडे सगळे द्यायचे का? पोरीचं माझ्याशी जमत नाही, ती मावशीकडेच सुखात राहील, असं मीच तुम्हाला फोनवर म्हटलं होतं. काय करणार? तुमची बहीण गेल्यावर मी या घरात आले, पण ‘अहो’च्या पलीकडे थोरलीने मला हाक मारली नाही.

काल शाळेला सुट्टी. धाकट्याने भुणभुण करून डोकं उठवलं, म्हणून खिडकीसाठी नक्षी कापायला तुमचा कागद काढला. मी मोठ्या तोऱ्यात चौपदरी घडी घातली, कात्री चालवली, आणि उलगडते तो काय, हातात सुटे तुकडे! घडीकडचीच बाजू सबंध कापून टाकली होती. धाकटा हसून हसून लोळला.

“अहो, घडी कापतं का कोणी!” थोरली दारातून तडक माझ्याशेजारी येऊन बसली. “आई माझं बोट घडीवर ठेवायला लावायची. म्हणायची, तुझं बोट आहे तिथे माझी कात्री येणार नाही.”

तिने नवी घडी घातली, त्यावर बोट ठेवलं आणि कात्री माझ्या हातात दिली.

ताई, त्याच कात्रीने मी नुकतीच घडी कापली होती. ते तिने पाहिलं होतं. तरी तिने बोट हलवलं नाही.

जाळी ओबडधोबड झाली, पण अखंड निघाली. मग सगळी खिडकीच भरून टाकली. हे कामावरून आले आणि म्हणाले, “काचेला उंदीर लागले की काय?” यांच्यावर हसण्यात आम्हा तिघांची एकी झाली. झोपताना तिने उरलेला कागद कपाटात ठेवला. म्हणाली, “पुढच्या सुट्टीत लागेल आपल्याला.”

मी तिथेच रडले, लपवत नाही. कागद तुम्ही पाठवलात आणि कापायला शिकवून गेली तुमची बहीण. तुम्हा दोघींचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.

रविवारी नक्की या. चार दिवस राहायला या. पण तिला न्यायला येऊ नका. मी तिला देणार नाही.

तुम्हाला चालत असेल तर,
तुमची धाकटी बहीण