दहाव्याला दिलेला शब्द

१९ जानेवारी १९३१
कॉलेजातून थेट अंबाझरी तलावावर. ऑक्टोबरच्या वादळाने टाकली तशीच नाव काठावर पालथी पडलेली. डोलकाठी बुडाशी मोडली आहे. डाव्या अंगाच्या दोन फळ्या फुटल्या आहेत. शीड मधोमध फाटले, परंतु सौ.ने घातलेली शिवण कोठेही उसवलेली नाही. (अजूनही सौ. लिहितो. राहू द्यावे.) नाव दुरुस्त करावयाचे ठरविले.

२२ जानेवारी
तलावावर मासे धरणारा किसन ढीवर डोंगेही बांधतो, त्यास बोलाविले. नावेभोवती फेरी मारून म्हणाला, "मास्तर, आमचा डोंगा बैलावानी असते. हे तुमचं शिडाचं म्हणजे बिनलगामाचं घोडं. मेलं तर मेलं, याले काहून जित्तं करता?"
फळ्या सागाच्या घालावयाच्या. सोमवारपासून काम.

१ फेब्रुवारी
रामटेकहून मेहुणे आले. तांदळाचे पोते ओसरीवर ठेवले आणि पाण्याचा तांब्या हातात घेण्यापूर्वीच, "भाऊजी, नाव उभी करून राहिले म्हणते तुम्ही?"
होय, म्हणालो.
त्यांनी दहाव्या दिवसाची आठवण दिली. गरज नव्हती. पिंडाला कावळा शिवेना. इंदूचे सगळे नीट करू, म्हणून झाले. तुझ्या आईस अंतर देणार नाही, म्हणून झाले. ऊन डोक्यावर आले. शेवटी मेहुणेच हात जोडून म्हणाले, "ताई, भाऊजी पुन्हा त्या नावेत पाय ठेवणार नाहीत." आणि कावळा उतरला.
शब्द त्यांनी दिला, मी नव्हे. तसे स्पष्ट सांगितले.
"असं? मग पोरीले मी रामटेकले घेऊन जातो. मायचा दहावा पाह्यला तिनं. बापाचा तरी दाखवू नका."
इंदू दाराआड उभी होती. दहा वर्षांची आहे. मुलगा नसल्याने तिला त्या दिवशी घाटावर मीच नेले होते.

७ फेब्रुवारी
डॉक्टरांस पुन्हा विचारले. ताप आधीपासून अंगात असू शकेल. भिजल्यामुळेच आला असे निश्चित म्हणता येत नाही. नाही आला असेही म्हणता येत नाही.
वादळात आम्ही दोघेही चिंब भिजलो. काठाला लागल्यावर ती हसत होती, केस पिळत होती. आठवडाभरात…
नावेने आम्हांस काठावर सुखरूप आणून सोडले, हे कोणी ध्यानात घेत नाही. ती पाण्यावर पुन्हा खरी उतरली, म्हणजे निदान नावेवरचा आरोप टिकणार नाही.

८ मार्च
सांध्यांत ताग ठोकून वर राळ व डांबर. लाकूड फुगून फटी मिटाव्यात म्हणून नाव उथळ पाण्यात बुडवून ठेवली होती. सर्व मिटल्या, डाव्या अंगाची एक पाझरतेच. सौ. नेहमी तेथे बसे. किसनने ती फट दोनदा उकलून पुन्हा भरली. आज हत्यारे गोळा करू लागला.
"कावळ्याले शब्द देल्ला होता म्हणते, मास्तर. मले सांगतलं नाही तुम्ही."
"मी शब्द दिलेला नाही."
"तुम्ही नसन देल्ला. त्यानं तर खाल्ला ना!"
राहिलेले काम माझे मीच करीन.

२९ मार्च
नाव पाण्यावर. एकटाच गेलो. वारा मंद, बंधाऱ्यापर्यंत जाऊन परतलो. तळाशी ओंजळभर पाणी, अधिक नाही. इंदू शेजारच्या काकूंना घेऊन काठावर येऊन उभी होती.
"झालं ना, बाबा? आलात परत."
झाले, म्हणालो. घरी येईपर्यंत तिने माझे बोट सोडले नाही.

३० मार्च
झाले नाही. काल वारा नव्हता. अशी चाचणी ग्राह्य नाही. विद्यार्थ्याने मांडली असती तर मीच खोडली असती. वारा त्या दिवसासारखा हवा.

१७ एप्रिल
दुपारी पश्चिमेस धूळ चढली. तास सोडून तलावावर गेलो. पोहोचेतो सारे निवळले. परतताना मन खट्टू झाले. कशाने, याचा विचार केला नाही.
मेहुणे परवा येणार, इंदूस न्यावयास. तिने ट्रंक उघडलीदेखील नाही.

१८ एप्रिल
दुपार. पश्चिमेकडे आभाळ तांबडे, त्याखाली काळे. अंगणातील निंबाचे पानही हलत नव्हते. सुकाणूचा दांडा घेण्यास गेलो, तो खुंटीवर नाही.
"मी लपवला," इंदू म्हणाली. रडत नव्हती. "दहाव्याला मामा बोलला ना, तेव्हा मीपण मनात बोलले. आईला सांगितलं, बाबांना एकटं जाऊ देणार नाही. कावळा मामाचं ऐकून आला की माझं, कुणाला ठाऊक?"
कावळ्यास माणसाचे बोलणे कळत नाही, असे तिला समजावले.
"मला तर कळतं ना, मी काय बोलले ते? मागच्या वेळी मला न सांगता गेलात. आता दांडा देते, पण मीपण येणार."
येता येणार नाही, असे बजावले. ती आत गेली. मी येथे येऊन बसलो. हे लिहितो आहे.
आता ती पायरीवर बसली आहे. पायांत चपला. दांडा मांडीवर. काखेत सौ.ची लाल शाल. विचारले तेव्हा म्हणाली, भिजल्यावर लागेल.
खिडकीची दारे आपटू लागली. वारा अगदी त्या दिवसाचाच, त्याच दिशेचा. असा पुन्हा केव्हा…
इंदू हाक मारते आहे.
"बाबा, निघायचं?"