माळ्यावरची गव्हाणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पिंगळे संध्याकाळभर तारेवर बसून भांडले. दोघंच, पण कालवा दहा जणांचा. आमच्या घरासारखाच.

ही वही नातीने दिली. म्हणाली, आजी, कोणतं घुबड कधी ओरडलं ते लिहीत जा, सुट्टीत आले की बघेन. मी तिसरीत शाळा सोडली, अक्षर वाकडं येतं. कान मात्र सरळ आहेत. तिने मोबाइलमध्ये आवाज भरून दिले, ते तीन दिवसांत पाठ झाले. पिंगळा चिरकतो. मोठं घुबड घुमतं, तिकडे कारखान्याच्या धुराड्यावर. आणि गव्हाणी किंचाळते — जुनं फडकं टरकावल्यासारखी. ती आमच्याच मागच्या खोलीवरच्या माळ्यात राहते. छपराखाली भोक आहे, तिथून तिची ये-जा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गव्हाणी दोनदा. तिसऱ्यांदा ओरडली असेल तर ऐकू आलं नाही, म्हातारा घोरत होता. दिवे लागले की मागच्या खोलीत आडवा होतो आणि सुरू. फुस्स — खर्र — फुस्स. महिनाभर हेच! भिंतीवर थाप मारली. म्हणे, "अगं, मी जागा आहे." जागेपणी घोरणारा हा पहिलाच.

७ फेब्रुवारी, शनिवार

सुनेच्या वाळत घातलेल्या चादरीवर वरून घाण पडली. मुलगा म्हणाला, भोक बुजवून टाकतो. म्हटलं, मग उंदीर कोण खाणार, तू?

"आई, पिलं असतील तर थांबतो. तुझे कान एवढे तिखट, तूच सांग. पिलांचा आवाज येतो का?"

खोटं बोलले असते तर निभावलं असतं. पण कानांच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. चिवचिव नाही, किलबिल नाही. नाही म्हणाले.

"झालं तर मग," म्हणाला आणि गवंड्याला फोन लावला. माझ्यासमोर. माझंच उत्तर माझ्या गळ्यात मारलं.

८ फेब्रुवारी, रविवार

पिंगळा एकदा. रागाने हात चालत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सगळा राग सकाळी म्हाताऱ्यावर निघाला. तुझ्या घोरण्याने घर डोक्यावर घेतलंय, म्हटलं, चार दिवस तरी तोंड काळं कर. त्याने पिशवी भरली. अर्ध्या तासावर लेकीकडे गेला. दारातून म्हणाला, "ऐक आता निवांत."

दुपारी गवंडी आला. दोन विटा, वर सिमेंट, झालं. "आजी, उद्यापर्यंत दगड होईल बघा." शिडी इथेच ठेवून गेला. त्याला चहा विचारला नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

तोच दिवस, दिवेलागणीला

गव्हाणी बुजवलेल्या भोकावर पंख आपटतेय. चोचीत उंदीर. किंचाळत नाही, नुसती आपटतेय.

मागच्या खोलीत गेले. खाट रिकामी. चादरीची घडी पायथ्याशी, तो ठेवतो तशीच.

आणि वरून — फुस्स, खर्र, फुस्स. एक नाही, तीन-चार गळे.

पिलं घोरतात हे मोबाइलमध्ये नव्हतं.

मुलगा-सून कामावरून यायला अजून दोन तास. लेकीकडे फोन लावला. म्हातारा म्हणाला, "आता काय, फोनवरून घोरून दाखवू?"

म्हटलं, "नको. मिळेल त्या गाडीने ये आणि शिडी धर. सिमेंट अजून ओलं आहे."